गावच्या लोहाराची गॅसभट्टी : बर्नरची बांधणी आणि ज्योतीची जुळणी

शेतीची मशागत वेळेवर होणे हे बैलजोडीच्या बळावर जितके अवलंबून असते, तितकेच ते अवजाराच्या धारेवरही अवलंबून असते. यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या जमिनीत उन्हाळ्यात वखराच्या पाळ्या घालताना पास लवकर झिजते. पुढे कपाशी, तूर व सोयाबीन उगवून आल्यावर डवरणीच्या दिवसांत डवऱ्याच्या पासा बोथट होतात. बोथट पास तण कापीत नाही, ते नुसते दाबते. बैल मात्र दुप्पट ओढतात. म्हणून पाऊस पडण्यापूर्वीच्या पंधरवड्यात गावच्या लोहाराकडे शेतकऱ्यांची एकच गर्दी होते. त्या वेळी भट्टीला कोळसा नसेल, तर सगळ्या गावाचे काम अडते.

कोळसा मिळणे पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही. जिल्ह्यात सागाची वने विस्तृत आहेत. परंतु राखीव व संरक्षित वनांत कोळसा पाडण्यावर भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये निर्बंध आहेत आणि ते योग्यच आहेत. साध्या भट्टीत एक किलो लाकडी कोळसा पाडण्यास चार ते पाच किलो, कधी त्याहूनही अधिक, लाकूड खर्ची पडते. वणी परिसरात दगडी कोळशाच्या खाणी आहेत. पण दगडी कोळशात गंधक असते, आणि ते लोखंडात उतरल्यास लोखंड तापलेल्या स्थितीत ठिसूळ होते. या अडचणीवर एक व्यवहार्य तोड म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीच्या, म्हणजे द्रवरूप पेट्रोलियम वायूच्या, इंधनावर चालणारी छोटी भट्टी. तिचा बर्नर नळकामाच्या सुट्या भागांतून जोडता येतो. मात्र बर्नर जोडणे हे अर्धेच काम होय. त्याची ज्योत योग्य जुळविणे हे उरलेले अर्धे काम असून पासेचे आयुष्य आणि लोहाराचे आरोग्य ही दोन्ही त्यावर अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात ही दोन्ही कामे क्रमाने सांगितली आहेत.

बर्नरचे तत्त्व

भात्याच्या भट्टीत हवा माणूस पुरवितो; या बर्नरमध्ये ती गॅस स्वतःच ओढून घेतो. बारीक छिद्रातून दाबाखाली सुटलेली गॅसची धार अतिशय वेगाने नळीत शिरते आणि आजूबाजूची हवा आपल्याबरोबर खेचून नेते. नळीतून पुढे जाताना गॅस व हवा एकजीव होतात आणि तोंडाशी पेटतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांनी १८५५ च्या सुमारास प्रयोगशाळेसाठी प्रचारात आणलेला दिवा याच तत्त्वावर चालतो, आणि घरची गॅसची शेगडीही याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच की, शेगडीला गॅस अगदी कमी दाबाने, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० ग्रॅम इतक्या दाबाने मिळतो. भट्टीच्या बर्नरला त्याच्या दहा-वीस पट दाब लागतो. म्हणून घरगुती रेग्युलेटर लावून ही भट्टी चालत नाही. कमीजास्त करता येईल असा उच्च दाबाचा रेग्युलेटर दाबमापकासह घ्यावा लागतो.

एक घनफळ गॅस पूर्ण जळण्यास सुमारे २४ ते ३१ घनफळे हवा लागते. गॅसमध्ये प्रोपेन अधिक असल्यास कमी व ब्युटेन अधिक असल्यास जास्त. हे प्रमाण साधणे म्हणजेच ज्योत जुळविणे.

लागणारे साहित्य

१) एक इंच मापाची, मधली शाखा पाऊण इंच असलेली लोखंडी टी.
२) पाऊण इंची व २० सेंटिमीटर लांबीचा, दोन्ही टोकांस आटे असलेला पाइप. ही मिश्रणनळी होय. तिची लांबी आतील व्यासाच्या आठ ते दहा पट असावी.
३) पाऊण इंची सॉकेट. हे बर्नरचे तोंड होय.
४) मिग वेल्डिंगसाठी वापरतात ती ०.९ मिलिमीटर तारेची तांब्याची टिप. हिच्या छिद्रातून गॅसची धार सुटते.
५) टिप बसविण्यासाठी पितळी निपल, गॅससाठी बनविलेला बॉल कॉक व जोडण्या.
६) भारतीय मानक चिन्ह असलेली गॅसची रबरी नळी आणि उच्च दाबाचा रेग्युलेटर.

पाइप व सॉकेट शक्यतो काळ्या लोखंडाचे घ्यावे. जस्ताचा मुलामा दिलेला भाग तापला म्हणजे त्यातून पांढरा धूर निघतो आणि तो श्वासावाटे गेल्यास थंडी वाजून ताप येतो. निदान तोंडाचे सॉकेट तरी मुलाम्याचे नसावे.

जोडणी

टीची मधली शाखा खाली धरली असता तिच्या बरोबर समोर, म्हणजे टीच्या पाठीवर, मध्यबिंदू काढून छिद्र पाडावे व त्यात निपलसाठी आटे काढावेत. हे छिद्र हाताने पाडू नये. तालुक्याच्या ठिकाणी लेथ किंवा उभे ड्रिल यंत्र असलेल्या कारागिराकडून ते पाडून घ्यावे. छिद्र किंचित तिरपे गेले तरी गॅसची धार नळीच्या भिंतीवर आदळते आणि हवा ओढण्याची शक्ती निम्म्यावर येते. घरी बनविलेल्या बर्नरमधील पुष्कळसे दोष या एका छिद्रापाशी सुरू होतात.

निपलमध्ये टिप घट्ट बसवून ती टीच्या आत अशी आणावी की, तिचे टोक मिश्रणनळीच्या मुखाच्या किंचित अलीकडे राहील. टीची दोन्ही बाजूंची तोंडे हवेसाठी उघडी राहतात. मधल्या शाखेत मिश्रणनळी व नळीच्या दुसऱ्या टोकास सॉकेट बसवावे. सॉकेटचा निम्मा भाग नळीच्या पुढे मोकळा राहिला पाहिजे; नळीपेक्षा रुंद असलेल्या त्या जागेतच ज्योत स्थिरावते.

गॅस जोडण्यापूर्वी धार सरळ आहे की नाही हे पाण्याने पाहावे. निपलला पाण्याची नळी जोडून पाणी सोडले असता बारीक धार मिश्रणनळीच्या भिंतीस न लागता मधोमध बाहेर आली पाहिजे. ती कडेला लागत असल्यास निपल सरळ करावे. नंतर सर्व भाग पूर्ण वाळवावेत.

भट्टीची पेटी

पाऊण इंची एक बर्नर सुमारे साडेपाच लिटर पोकळीपर्यंतची भट्टी तापवू शकतो. १२ सेंटिमीटर रुंद, १२ सेंटिमीटर उंच व ३० सेंटिमीटर लांब पोकळी पासा, विळे व कुऱ्हाडी यांस पुरेशी होते. भट्टीस पुढे व मागे अशी दोन तोंडे ठेवावीत. म्हणजे पास भट्टीपेक्षा लांब असली तरी आरपार सरकवून टप्प्याटप्प्याने तापविता येते.

बाहेरून पत्र्याची पेटी व आतून ५० मिलिमीटर जाडीचे सिरॅमिक फायबरचे अस्तर द्यावे, किंवा हलक्या उष्णतारोधक विटा रचाव्यात. फायबर कापताना नाकातोंडास मुखपट्टी बांधावी व बसविल्यानंतर त्यावर उष्णतारोधक मातीचा लेप द्यावा. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसास अपायकारक असल्यामुळे उघडे अस्तर ठेवू नये. नदीचे गोटे व सिमेंटचे काँक्रीट आत वापरू नये; तापल्यावर ते फुटून उडतात. जुन्या गॅस सिलिंडरची पेटी कदापि करू नये.

बर्नरचे तोंड अस्तराच्या आतल्या पृष्ठभागापासून एक ते दोन सेंटिमीटर मागे ठेवावे; पोकळीत पुढे आलेले तोंड जळून जाते. बर्नर भिंतीच्या कडेने आत उतरेल असा तिरपा बसवावा. त्यामुळे ज्योत भिंतीला धरून गोल फिरते, सर्व पोकळी सारखी तापते आणि लोखंडावर एकाच जागी झोत बसत नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न भट्टीच्या जागेचा आहे. आपल्याकडे परंपरेने लोहार जमिनीवर बसून काम करतो. त्याची भट्टीही जमिनीलगत असते व काही ठिकाणी पाय सोडण्यासाठी खळगा असतो. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड आहे. गळती झाल्यास तो वर उडून न जाता जमिनीवर पसरतो व खळग्यात साचतो, म्हणजे नेमका जेथे लोहार बसतो तेथेच. म्हणून गॅसभट्टी कमरेइतक्या उंच ओट्यावर बसवावी, खळगा बुजवावा आणि छपराच्या किमान दोन बाजू पूर्ण उघड्या ठेवाव्यात. सिलिंडर भट्टीपासून किमान तीन मीटर दूर, सावलीत, सपाट जमिनीवर व उभा ठेवावा. यवतमाळच्या उन्हाळ्यात तो उघड्यावर ठेवणे धोक्याचे आहे.

पहिली पेटवणी

प्रथम सर्व सांध्यांस साबणाचे पाणी लावून, बॉल कॉक बंद ठेवून, गॅस सोडावा. बुडबुडे आल्यास सांधा पुन्हा बसवावा. काडी लावून गळती शोधण्याची चूक कोणीही करू नये.

पेटवताना एक नियम कायम ध्यानात ठेवावा : आधी आग, मग गॅस. लांब तारेला चिंधी गुंडाळून ती पेटवावी, भट्टीत बर्नरच्या तोंडाजवळ धरावी आणि नंतरच कॉक हळूहळू उघडावा. चेहरा भट्टीच्या तोंडासमोर नसावा. दोन-तीन सेकंदांत ज्योत धरली नाही, तर कॉक बंद करून साचलेला गॅस पूर्ण निघून जाईपर्यंत थांबावे. सुरुवातीस दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३ किलोग्रॅम ठेवावा. नव्या अस्तराचा ओलावा मंद आचेवर, मध्ये मध्ये थांबून, प्रथम काढून टाकावा.

ज्योतीची जुळणी

बाहेर उघड्यावर पेटविलेल्या बर्नरवरून काही ठरवू नये. थंड भट्टीतील ज्योत व तापलेल्या भट्टीतील ज्योत यांत पुष्कळ अंतर असते. भट्टी दहा मिनिटे चालून आतली भिंत लाल झाल्यावरच परीक्षा करावी. ज्योतीच्या तीन अवस्था ओळखता आल्या पाहिजेत.

हवा कमी असलेली ज्योत : आतला निळा शंकू लांब, मऊ व अस्पष्ट असतो आणि भट्टीच्या तोंडातून पिवळसर-नारिंगी जीभ लांबवर बाहेर येते. गॅस वाया जातो, भट्टी हवी तितकी तापत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो. या वायूला रंग नाही व वासही नाही.

हवा जास्त असलेली ज्योत : शंकू आखूड व तीक्ष्ण होतो, आवाज कर्कश येतो, कधी ज्योत तोंडापासून सुटून दूर जळते. अशा भट्टीत उरलेला प्राणवायू तापलेल्या लोखंडाला खातो. पासेवर जाड खपली धरते आणि धारेकडील पातळ भाग झिजतो.

समतोल ज्योत : आतला निळा शंकू रेखीव, आवाज सलग व घुमणारा, आणि भट्टीच्या तोंडाशी जेमतेम वीतभर फिकट ज्योत. लोहारकामास समतोलाच्या किंचित अलीकडची, म्हणजे हवा थोडी कमी असलेली ज्योत उत्तम, कारण तिच्यात खपली कमी धरते. मात्र विषारी वायू थोडाफार निघतोच, म्हणून वाऱ्याची सोय अपरिहार्य आहे.

नव्या अस्तरातील मसाला जळताना किंवा सुहागा व धूळ पडली असताना कोणतीही ज्योत काही वेळ पिवळी दिसते. तेवढ्यावरून घाईने बर्नर बदलू नये.

हवा जास्त होत असल्यास टीच्या बाजूच्या तोंडांवर पत्र्याची सरकती झडप लावून ती थोडी झाकावी. हवा कमी होत असल्यास टिपचे टोक कानशीने अर्धा मिलिमीटर कमी करावे. टोक मिश्रणनळीच्या मुखापासून जितके दूर जाईल, तितकी धार अधिक हवा ओढते. प्रत्येक वेळी छिद्रातील तांब्याचा कीस काढावा, बर्नर पुन्हा बसवून भट्टी तापवावी आणि मगच पुढचा अर्धा मिलिमीटर काढावा. कानसलेले तांबे परत चिकटविता येत नाही. म्हणून येथे घाई महागात पडते.

शेवटची परीक्षा लोखंडाची. भंगारातील पट्टीचा तुकडा पिवळा होईपर्यंत तापवून दोन मिनिटे तसाच ठेवावा व बाहेर काढून ठोकावा. जाड पापुद्रे सुटले तर हवा जास्त आहे. पातळ, करडी खपली पडली तर जुळणी ठीक झाली असे समजावे.

सामान्य दोष व उपाय

फटफट आवाज होऊन ज्योत नळीत मागे शिरणे : दाब फार कमी आहे किंवा नळी तापली आहे. गॅस लगेच बंद करावा, नळी थंड होऊ द्यावी व थोड्या अधिक दाबाने पुन्हा पेटवावे.

ज्योत तोंडापासून उडणे : दाब जास्त आहे किंवा सॉकेट पुरेसे पुढे नाही.

ज्योत एका बाजूला झुकणे : टिप तिरपी आहे किंवा तिच्या छिद्रात कचरा अडकला आहे.

चालता चालता ज्योत खचणे व सिलिंडरवर दव किंवा बर्फ धरणे : द्रव गॅसची वाफ होताना सिलिंडर थंड पडतो, हिवाळ्याच्या सकाळी हे विशेष घडते. काम थांबवून सिलिंडरला विश्रांती द्यावी. त्यास जाळ किंवा निखारे कधीही लावू नयेत.

बंद केल्यावर बर्नर तापणे : तापलेली भट्टी नळीतून गरम हवा वर ओढते. बंद करताच टीची तोंडे झाकावीत.

रंगाची पारख

कोळशाच्या भट्टीवर हात बसलेल्या लोहारासही गॅसभट्टीत सुरुवातीस रंग चकवितो. येथे सगळी पोकळीच उजळलेली असल्यामुळे लोखंड आत असताना कमी तापलेले भासते. ते बाहेर काढून छपराच्या सावलीत पाहावे. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला चेरीसारखा लाल, ९५० ला नारिंगी व ११०० ला पिवळा रंग येतो. ठोकण्याचे काम पिवळ्यापासून नारिंगीपर्यंत करावे. मंद लाल झाल्यावर ठोकल्यास पोलाद तडकते. ठिणग्या उडू लागल्या तर पोलाद जळले असे समजून तो भाग कापून टाकावा.

मोटारीच्या कमानीच्या पाट्यापासून केलेल्या पासेत कार्बन पुरेसा असल्यामुळे तिला पाणी देता येते. लोहचुंबक चिकटेनासे होते ती खूण सुमारे ७७० अंशांची. त्याहून किंचित अधिक तापवून फक्त धारेकडचा भाग बुडवावा. कमानीचे पोलाद पाण्यात तडकण्याचा संभव असल्यामुळे तेल बरे. नंतर धार घासून चकचकीत करावी व पाठीकडून पुन्हा हलकी ऊब द्यावी. धारेवर आधी पेंढ्यासारखा पिवळा, मग जांभळा व शेवटी निळा रंग येतो. दगडगोट्यांच्या रानात चालणाऱ्या पासेला जांभळा ते निळा रंग येताच थांबवावे. पिवळ्यावर थांबविलेली धार तीक्ष्ण असते, पण दगडावर आपटली की तुकडा उडतो. साध्या मऊ लोखंडाला कितीही पाणी दिले तरी ते कडक होत नाही, हेही शेतकऱ्यास आधीच सांगावे.

गोबर गॅस व इतर मर्यादा

खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकापासून गोबर गॅस संयंत्रांचा प्रसार केला. म्हणून, घरच्या गोबर गॅसवर ही भट्टी का चालू नये, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. एक घनमीटर गोबर गॅस उष्णतेच्या दृष्टीने सुमारे ०.४३ किलो द्रवरूप गॅसइतका असतो. म्हणजे रोज दोन घनमीटर गॅस देणारे संयंत्र भट्टीला जेमतेम तासभर पुरेल आणि चूल मात्र उपाशी राहील. शिवाय त्याचा दाब पाण्याच्या आठ-दहा सेंटिमीटर उंचीइतकाच असल्याने वर वर्णिलेला बर्नर त्यावर हवा ओढू शकत नाही. त्यासाठी मोठे छिद्र व विजेचा पंखा असलेली निराळी रचना लागते.

बैलगाडीच्या चाकाची धाव तापविण्यासही ही भट्टी उपयोगी नाही. तेथे गोवऱ्यांचा गोल जाळच योग्य. जुनी भट्टी मोडून टाकण्याचे कारण नाही.

खर्चाचा हिशेब व साहाय्य

दाबानुसार हा बर्नर तासाला सुमारे पाऊण ते दीड किलो गॅस जाळतो. कामाच्या आधी व नंतर सिलिंडर काट्यावर तोलून, जळालेला गॅस त्या दिवशी पाजवलेल्या पासांच्या संख्येने भागावा. दर ठरविण्याचा हाच खरा आधार होय. भट्टी तापण्यातच बराच गॅस जात असल्यामुळे एकेक पास आणण्याऐवजी शेतकऱ्यांनी ठरलेल्या दिवशी आपली अवजारे एकत्र आणावीत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यात असे दिवस नेमून दिल्यास लोहार व शेतकरी या दोघांचाही पैसा वाचेल.

१४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरणे २००० सालच्या द्रवरूप पेट्रोलियम वायू पुरवठा व वितरण आदेशानुसार निषिद्ध आहे. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरची रीतसर जोडणी घ्यावी. गळतीच्या आपत्तीत १९०६ या क्रमांकावर साहाय्य मिळते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना २०२७-२८ पर्यंतच्या काळासाठी असून तिच्या १८ व्यवसायांत लोहारकाम समाविष्ट आहे. तिच्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत मिळून ३ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज यांची तरतूद आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. तेथे कागद अडून राहणार नाही, हे पाहणे कार्यकर्त्यांचे काम आहे.

भाता ओढणारे माणूस बहुधा घरचेच असते, कधी स्त्री, कधी शाळेच्या वयाचे मूल. गॅसभट्टीने ते हात मोकळे होतात, हा लाभ काट्यावर तोलता येत नाही. तथापि, भाता ओढणाऱ्याची जागा गॅसने घेतली तरी ज्योत पाहणाऱ्याची जागा तो घेऊ शकत नाही. साबणाच्या पाण्याने सांधे रोज तपासणारा, ज्योतीचा आवाज बदलताच कॉककडे हात नेणारा आणि पासेचा रंग सावलीत पाहणारा लोहार असेल, तरच ही भट्टी गावाच्या उपयोगी पडेल. आणि मृगाच्या पहिल्या सरीपूर्वी प्रत्येक वखराला धारेची पास मिळेल.